पाहुणा चालतो, परका चालत नाही

परदेशातल्या हॉस्टेलमधल्या ‘त्या एका रात्री’च्या गोष्टी आता ढिगाने झाल्या आहेत. एका खोलीत आठ बेड, आठ देशांची माणसं, कुणीतरी म्हणतं ‘चला बाहेर’, आणि पहाटेपर्यंत सगळे जिवलग. सांगणारा शेवटी हटकून म्हणतो, तिकडची माणसंच मोकळी, आपल्याकडे ते ‘वातावरण’ नाही. माझं भांडण या ‘वातावरण’ शब्दाशी आहे.

अशी रात्र मीही पाहिली आहे. कंपनीच्या कामाला बर्लिनला गेलो होतो, शनिवार-रविवार हॉस्टेलवर राहिलो. तिथल्या स्वयंपाकघरात चिलीचा एक मुलगा आणि कोरियाची एक विद्यार्थिनी भेटली. बोलता बोलता आम्ही कालव्याच्या काठी जाऊन बसलो. रात्री अडीचला तिला झोप यायला लागली, तशी ती उठली आणि एकटी मेट्रोने परत गेली. सोडायला यायचं का, असं विचारलं तर तिला हसू आलं. बर्लिनची मेट्रो शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर धावते. हॉस्टेलने आम्हा सगळ्यांकडे पासपोर्ट आणि पैसे, एवढंच मागितलं होतं. त्या रात्रीत स्वभावाचा वाटा किती आणि रात्री धावणाऱ्या गाडीचा किती, ते तुम्हीच ठरवा.

कारण मोकळेपणा सावर्ड्यातही कमी नाही. शिमग्याला या. होल्टे होमाच्या रात्री माणसं समोरासमोर उभी राहून जळती लाकडं एकमेकांच्या दिशेने फेकतात. पालखी ढोलावर नाचते. नमन उभं राहिलं की गण, गवळण, संकासुर करता करता उजाडतं. मुंबईचे चाकरमानी मिळेल त्या गाडीला लटकून येतात.

पण ही रात्र बघायला येणाऱ्या परक्या माणसाने पाठ टेकायची कुठे?

पुण्याची माझी एक सहकारी एकटीच शिमगा बघायला येणार होती. कुणाच्या घरी उतरायचा तिला संकोच, म्हणून तिने महामार्गावरच्या एका लॉजवर फोन केला. ‘मॅडम एकट्याच? मग नाही जमणार.’ दुसरीकडे विचारलं, ‘सोबत मिस्टर आहेत का?’ शेवटी ती आमच्याकडे राहिली. आईने घावणे केले, सगळं छान झालं. पण छान झालं ते तिची माझ्याशी ओळख होती म्हणून.

‘आपल्या गावात कुणी उपाशी झोपत नाही, लॉज हवाय कशाला?’ असं वडीलधारे म्हणतात. खरं आहे, पण ते पाहुण्यापुरतं. मराठीत पाहुणा म्हणजे आधी नातेवाईक, निदान कुणाचा तरी कुणीतरी. कोकणात पहिला प्रश्न असतो, ‘कुणाकडचे तुम्ही?’ ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, तो परका. हॉस्टेल असतं ते त्याच्यासाठी.

हॉस्टेलचा जन्मही अशाच एका फसलेल्या रात्री झाला. 1909 साली रिचर्ड शिरमान हा जर्मन शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला होता. वादळात अडकला आणि एका गावातल्या शाळेत गवतावर त्यांनी रात्र काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा प्रवासी मुलांना का देऊ नयेत, असं त्याला वाटलं. त्यातूनच 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं युवा हॉस्टेल उभं राहिलं.

आपल्याला हे नवं नाही. आषाढीला वारीच्या वाटेवरची गावं शाळा, देवळं, अंगणं वारकऱ्यांना उघडून देतात. तिथे कुणी लग्नाचा दाखला मागत नाही.

लॉजवाले सांगतात, हे मुलींच्या सुरक्षिततेसाठीच. रात्री दहा वाजता एकट्या मुलीला खोली नाकारली की ती रस्त्यावर उरते; यात कुणाची सुरक्षितता झाली? ‘लोकल आयडी चालणार नाही’ ही पाटीही तशीच. अविवाहित प्रौढांनी एका खोलीत राहायला बंदी घालणारा कायदा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने 2019 मध्येच सांगितलं. काउंटरवरच्या वहीपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

आणि प्रश्न फक्त पर्यटकांचा नाही. सावर्ड्यात कला महाविद्यालय आहे, शेजारी डेरवणला मोठं रुग्णालय आहे. विद्यार्थ्यांचे पालक, रुग्णांचे नातेवाईक रात्री-अपरात्री इथे उतरणारच. त्यांतही एकट्या बाया असतात.

त्यामुळे बर्लिनच्या आठवणींवर उसासे टाकणं आता पुरे. शिमग्यापुरतं सुरू करू. एक शाळा किंवा सभागृह, वीस गाद्या, कुलूप लागणारं बाथरूम, देखरेखीला गावातल्याच दोन बायका, दाराशी दराची पाटी. स्टेशनवर उतरलेल्या कुणालाही आधार कार्ड आणि पैसे यांवर जागा मिळावी. ‘कुणाकडचे तुम्ही?’ हा प्रश्न सकाळी चहाबरोबर विचारू.