रंगांनी कर्ज फिटत नाही, म्हणून?

वडनेर भोलजीसारख्या गावात कलोपचाराची भाषा काढली की दोन बाजूंनी हसू उमटते. शहरातील सुखवस्तू माणसाला वाटते, कपाशी-सोयाबीन पिकविणाऱ्या नांदुरा तालुक्याला रंग-कुंचल्याचे हे लाड कशाला? आणि चळवळीतला कार्यकर्ता खडसावतो की, रंगांनी कर्ज फिटत नाही. आधी शेतमालाला भाव द्या. पहिला आक्षेप निव्वळ वर्गीय अहंकाराचा आहे. दुसऱ्याचा समाचार गांभीर्याने घ्यावा लागेल, कारण तो अर्धा खरा आहे.

कर्ज फिटत नाही, हे मान्यच. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी-आत्महत्यांची मुळे भाव, पाणी आणि पतपुरवठा यांत रुतलेली आहेत. उद्या सरकारने हमीभावाऐवजी रंगपेट्या वाटल्या तर ती क्रूर थट्टा ठरेल. परंतु भाव मिळेपर्यंत, आणि मिळाल्यानंतरही, ज्या विधवेची झोप उडाली आहे, जो तरुण महिनोन्‌महिने कोणाशी बोललेला नाही, त्यांनी काय करावे? आधी भाकरी, मग मन, अशी क्रमवारी लावणारे मनाला नकळत श्रीमंतांची चैन ठरवतात.

या मंडळींनी कलोपचाराचा इतिहासही पाहावा. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयाने आजारी असताना आरोग्यधामात चित्रे काढू लागला. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द त्याने १९४२ मध्ये रूढ केला. ब्राझीलच्या नीझे दा सिल्व्हेइरा या मनोविकारतज्ज्ञ बाईंना साम्यवादाच्या आरोपावरून १९३६ मध्ये तुरुंगवास घडला. पुढे रिओच्या सरकारी मनोरुग्णालयात त्यांनी रुग्णांना विजेचे झटके देण्यास नकार दिला आणि १९४६ मध्ये तेथेच चित्रशाळा उघडली. त्या रुग्णांच्या चित्रांचे १९५२ मध्ये संग्रहालय झाले. पुण्यात भार्गवी दावर यांनी स्थापिलेल्या बापू ट्रस्टने गरीब वस्त्यांतील कामात कलाधारित उपचारांना स्थान दिले. तासावर शुल्क आकारणाऱ्या कार्यशाळांचा बाजार नंतरचा.

जे जिभेवर येत नाही ते हाताला करता येते, आणि कागदावर वा मातीत उतरले की माणूस त्याकडे थोडे दुरून पाहू शकतो. उपचाराचे मर्म एवढेच. गावाला हाताची ही भाषा परकी नाही. पोळ्याला शिंगे रंगतात, घरोघरी गोधड्या शिवल्या जातात, भुलाबाईची गाणी होतात. मात्र भजनी मंडळ आहेच, मग उपचार कशाला, असे म्हणून जबाबदारी झटकणेही लबाडीचे. तीव्र आजाराला औषध लागते, आणि रंगवणाऱ्याजवळ बसून ऐकणारा शिकलेला माणूस लागतो.

तो माणूस कोठे आहे? २०१५ मध्ये शासनाने बुलढाण्यासह १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला. आशा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन खचलेली माणसे हुडकावी, अशी योजना. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने उपचार मिळण्याचा हक्क दिला. विदर्भाचे प्रादेशिक मनोरुग्णालय मात्र नागपुरात, वडनेरहून तीनशे किलोमीटरांपलीकडे! अर्थशास्त्राच्या हिशेबाने पाहिले तर माती फुकट, कागद स्वस्त. खर्च आहे तो प्रशिक्षित माणसाच्या पगाराचा, आणि नेमका तेथेच सरकारचा हात आखडतो.

म्हणून शेतमालाच्या भावाच्या मोर्चातच ही मागणीही मांडली पाहिजे : प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून किमान एक दिवस समुपदेशक, कलोपचाराचे साहित्य आणि बसायला स्वतंत्र खोली. आणि समुपदेशकाची ही नेमणूक कंत्राटी नसावी.