ब्रॅडफर्ड: ब्रिटनचं 'सांस्कृतिक शहर' झालं, तरी तिजोरी रिकामी का?

2025 हे वर्ष उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डसाठी उत्सवाचं होतं. 'युके सिटी ऑफ कल्चर' हा मान मिळाल्यामुळे वर्षभर प्रदर्शनं, नाटकं, मैफिली झाल्या. त्याच वर्षी तिथल्या कौन्सिलने, म्हणजे स्थानिक पालिकेने, घरांवरचा कर 9.99 टक्क्यांनी वाढवला. नेहमीची मर्यादा आहे 4.99 टक्के. जादा वाढीसाठी सरकारची खास परवानगी घ्यावी लागली.

एकीकडे उत्सव, दुसरीकडे टंचाई. हे एकाच शहरात कसं?

पाहण्यासारखं काय आहे?

बरंच काही. लोकर उद्योजक टायटस सॉल्ट यांनी कामगारांसाठी वसवलेलं सॉल्टेअर हे गाव 2001 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथली गिरणी 1986 मध्ये बंद पडली. आता तिथे ब्रॅडफर्डमध्येच जन्मलेले चित्रकार डेव्हिड हॉकनी यांची चित्रं पाहायला मिळतात. ब्रॉन्टे भगिनींचं हॉवर्थ याच जिल्ह्यात आहे. 2009 मध्ये युनेस्कोने ब्रॅडफर्डला जगातलं पहिलं 'सिटी ऑफ फिल्म' ठरवलं.

मग अडलं कुठे?

हे शहर लोकरीवर मोठं झालं. 1950 आणि 60च्या दशकांत गिरण्यांना कामगार हवे होते. तेव्हा पाकिस्तानातल्या मीरपूर भागातून आणि भारतातूनही लोक आले. पुढे गिरण्या बंद झाल्या, माणसं इथेच राहिली. 2021 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या सुमारे 5 लाख 46 हजार लोकसंख्येत जवळपास चौथा हिस्सा पाकिस्तानी वंशाचा आहे. बेरोजगारी आणि वेगवेगळ्या वस्त्यांमधला दुरावा यांची चर्चा जुलै 2001 च्या दंगलीनंतर देशभर झाली. त्या दंगलीत 300 हून जास्त पोलीस जखमी झाले होते.

गरिबी अजूनही आहे. 2019 च्या सरकारी निर्देशांकात इंग्लंडमधल्या 317 स्थानिक संस्थांमध्ये ब्रॅडफर्ड सर्वांत वंचित 20 मध्ये होतं.

तिजोरी कशामुळे रिकामी झाली?

सर्वांत मोठं कारण म्हणजे मुलांच्या देखभालीचा खर्च. घरी सुरक्षित नसलेल्या मुलांची जबाबदारी कायद्याने कौन्सिलवर येते आणि तो खर्च टाळता येत नाही. 2024 मध्ये सरकारने ब्रॅडफर्डला दोन आर्थिक वर्षांसाठी मिळून सुमारे 22 कोटी पौंडांच्या 'विशेष आर्थिक साहाय्या'ला मंजुरी दिली. नाव साहाय्य असलं तरी ही देणगी नव्हे. रोजचा खर्च कर्ज काढून किंवा मालमत्ता विकून भागवण्याची ती परवानगी आहे.

उत्सवाच्या पैशातून हे भागत नाही का?

नाही. उत्सवाचा निधी मुख्यतः सरकार, लॉटरी आणि देणगीदारांकडून त्याच कामासाठी येतो. तो देखभालीकडे वळवता येत नाही.

ब्रॅडफर्ड लाइव्ह हे सभागृह याचं चांगलं उदाहरण. 1930 मधलं हे जुनं थिएटर सुमारे 5 कोटी पौंड खर्चून नवं केलं. पण ते चालवणारी कंपनी ऐनवेळी मागे हटली आणि उत्सवाचं वर्ष सुरू झालं तेव्हा त्याचे दरवाजे बंदच होते. ते उघडायला ऑगस्ट उजाडला.

पुढे काय?

सांस्कृतिक वर्षाने शहराबद्दल बोलायला नवा विषय दिला. पण तिथल्या कुटुंबांसाठी खरा प्रश्न हाच आहे की, पाहुणे गेल्यावर वाढीव कर भरूनही ग्रंथालयं, मुलांच्या सेवा आणि नोकऱ्या टिकतील का?