अधीनता कोणाची?

विवाहाच्या मिस्सात संत पौलाच्या इफिसकरांस पत्रातील पाचव्या अध्यायाचे वाचन पुष्कळदा होते. परंतु पत्नीने पतीच्या अधीन राहावे, एवढाच बोध घेऊन अनेक जण घरी परततात. पुढे संसारात खटका उडाला, की काही पुरुष हेच वचन पुढे करतात. क्वचित हात उगारतानाही त्याचाच आधार घेतात. हा शास्त्राचा विपर्यास होय.

वाचकहो, तो अध्याय नीट उघडून पाहावा. पत्नीला केलेला उपदेश बाविसाव्या वचनात आहे. त्याआधीचे एकविसावे वचन मात्र सर्वांनाच परस्परांच्या अधीन होण्यास सांगते. अतिप्राचीन ग्रीक हस्तलिखितांत तर बाविसाव्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. ते आधीच्या वचनातून घ्यावे लागते. ही अधीनता परस्परांची आहे, असेच पोप दुसरे जॉन पॉल यांनीही १९८८ साली स्त्रीच्या प्रतिष्ठेविषयीच्या पत्रात प्रतिपादन केले.

मग पतीला आज्ञा कोणती? सत्ता गाजवावी, असे पौल कोठेही म्हणत नाही. ख्रिस्ताने ख्रिस्तसभेवर प्रीती करून तिच्यासाठी स्वतःला अर्पण केले, तशी प्रीती पतीने करावी, असे तो सांगतो. रोमन जगात कुटुंबप्रमुखाची सत्ता मोठी होती. तेथे पत्नीला आज्ञाधारकपणा शिकविणे नवे नव्हते. पतीने तिच्यासाठी प्राणही वेचावा, हे नवे होते. कलस्सैकरांस पत्रातही पत्नीशी कठोरपणे वागू नये, अशी पतींना ताकीद आहे.

ख्रिस्ताने ख्रिस्तसभेवर हात उगारला नाही. तिच्यासाठी त्याने स्वतः फटके सोसले. तेव्हा मारझोड करणाऱ्याने त्याचे नाव आपल्या कृत्याला जोडू नये. मार सोसणे हेच पत्नीचे व्रत, असेही कोणी समजू नये. पती वा पत्नीकडून जिवाला गंभीर धोका असल्यास विभक्त राहण्यास १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्याने (कलम ११५३) मुभा दिली आहे. धोका तातडीचा असेल, तर परवानगीसाठी थांबावेही लागत नाही.

आज संध्याकाळी रोझरीनंतर एकविसाव्या वचनापासून अध्यायाच्या शेवटापर्यंतचा भाग घरात वाचावा. पत्नीने पत्नीची वचने वाचावी, पतीने पतीची. शास्त्रातील आज्ञा प्रथम ज्याची त्याने स्वतःला वाचून दाखवावयाची असते.