बैठक, खुर्ची आणि दोन उशा

"काहून वं, आता साठीत पैलवान व्हाचं हाये का तुले?"

गेल्या आठवड्यात मामी न सांगता घरी आली, तेव्हा मी पलंगावर आडवी होते आणि उजव्या पायाच्या घोट्याशी यांच्या जुन्या मोज्यात कोंबलेला मिठाचा एक किलोचा पुडा बांधलेला होता. पाय सरळ ठेवून वर उचलायचा, पाच अंक मोजायचे, हळूच खाली आणायचा. असं दहा वेळा. मामीला आधी वाटलं की कुणीतरी उतारा-बितारा सांगितला असावा. मीठ दिसलं की आपल्याकडे पहिली शंका तीच येते :-)

मग चहा करून तिला सगळं समजावून सांगितलं. किती पटलं कोण जाणे. पण सांगता सांगता वाटलं, हे लिहूनच काढावं. आमच्या घराण्यात गुडघे हा वारसा आहे. शेत कुणाला आलं, कुणाला नाही. गुडघे मात्र सगळ्यांच्या वाट्याला आले.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला नुसतं "आराम करा" म्हणणं हा अर्धा सल्ला आहे. आणि त्या अर्ध्या सल्ल्याने माझी आई खुर्चीत बसली ती बसलीच.

2003 साली आईचे गुडघे फार दुखायला लागले. ज्यांना दाखवलं त्यांनी काय काय करू नका ते सांगितलं. जिना चढू नका, खाली बसू नका, ओझं उचलू नका, फार चालू नका. आई आज्ञाधारक. आम्ही तिच्याहून आज्ञाधारक. तिने पाण्याचा तांब्या उचलला तरी आम्ही धावायचो. दोन वर्षांत तिला खुर्चीतून उठायला हात द्यावा लागू लागला, चार वर्षांत दोन हात. शेवटी शेवटी मी तिला आंघोळ घालायचे तेव्हा तिचे पाय पाहवत नसत. गुडघे मांड्यांपेक्षा जाड दिसत होते. तेव्हा मला वाटायचं, गुडघे सुजलेत. आता कळतं, मांड्या गेल्या होत्या. गुडघ्यांनी तिला बसवलं नाही, मांड्यांनी बसवलं. आणि मांड्या आम्ही घालवल्या, फार प्रेमाने.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे 2022 साली माझा एक्स-रे निघाला. दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजलेली. हातात कागद आला, त्यावर गोळ्या, पट्टा, एक मलमाची ट्यूब आणि तीच यादी. मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, जिना टाळा. काय करा, ते कुठेच नव्हतं. कागद घेऊन घरी आले आणि बराच वेळ आईच्या खुर्चीकडे बघत बसले. (ती अजून आहे आमच्याकडे, अकोल्याला. दादा, तू विचारलं होतंस म्हणून सांगते.)

आता जरा बाबांकडे वळते, कारण बैठकीची गोष्ट त्यांच्यापासून सुरू होते. बाबा अमरावतीचे. शाळकरी वयात ते श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर जायचे. बाहेरच्यांसाठी सांगते, वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलेली ही संस्था, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या चमूने तिकडे जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. बाबा ही बर्लिनची गोष्ट अशी रंगवून सांगायचे की जणू स्वतः मैदानात उतरले होते. तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता! तर या बाबांचं व्यायामाचं शास्त्र दोन शब्दांत संपायचं: दंड आणि बैठका. त्याही रोज. आम्हा दोघा भावंडांना अंगणात उभं करून ते मोजायचे. बैठक म्हणजे पूर्ण खाली, टाचा उचललेल्या, आणि परत वर. अर्धवट खाली गेलं तर ती धरायची नाही. पन्नास झाल्याशिवाय दूध नाही.

त्यामुळे माझ्यासमोर दोनच वाटा होत्या असं मला वाटायचं. एक बाबांची, पूर्ण बैठकीची. दुसरी आईची, खुर्चीची. ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे मी नंतर गेले त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोन्ही एकत्र करू. खुर्चीवर बैठक मारा."

इतकं साधं होतं ते. खुर्ची भिंतीला टेकवायची, समोर उभं राहायचं, छातीवर हात बांधायचे, बसायचं आणि उठायचं. पण पहिल्या दिवशी मला आमच्या साध्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून हात न लावता एकदाही उठता आलं नाही. एकदाही! रोज जी बाई सोफ्याचा हात धरून, टेबलाचा कोपरा धरून, "अगं आई" म्हणत उठते, तिला आपण काय काय धरतो याचा पत्ताच नसतो. मग बाईंनी खुर्चीवर एक उशी ठेवली. तरी नाही. दुसरी ठेवली. दोन उशांवरून उठले, आठ वेळा. आणि घाम फुटला.

त्या दोन उशा म्हणजे माझ्या व्यायामाचं सगळं तंत्र. गुडघा जितका जास्त वाकतो तितका वाटीमागे दाब वाढत जातो. उठायची जागा उंच केली की वाकणं कमी, दाब कमी, पण मांडीचं काम चालूच राहतं. बैठक सोडायची नाही, तिची खोली कमी करायची. दोन महिन्यांनी एक उशी काढली. दुसरी काढायला आणखी पाच महिने लागले, मध्ये लग्नसराईत सगळं बंद पडलं होतं म्हणून. आता बिनउशीची खुर्ची आहे आणि छातीशी धरलेली पाच किलो पिठाची पिशवी आहे. पिठाची पिशवी घट्ट शिवलेली असावी, हा अनुभवाचा सल्ला.

बाकीचं भराभर सांगते. मिठाचा पुडा वर आलाच. पलंगावर पाठ टेकून, पाय दुमडून कंबर वर उचलणं, त्याने मागचे, म्हणजे आपण ज्यावर बसतो ते स्नायू कामाला लागतात. गुडघे किंचितच वाकवून, पाठ सरळ ठेवून, कमरेतून झुकून पिठाची पिशवी स्टुलावरून उचलणं. टाचा वर करणं, ओट्याला धरून. पायरी चढ-उतार करायला मी आधी लाकडी पाट घेतला होता, तो एका सकाळी सरकला आणि मी फ्रिजला मिठी मारून वाचले. तेव्हापासून अंगणाची पक्की पायरी. भिंतीला पाठ टेकून अधांतरी बसण्याचा प्रकार मला जमला नाही, वाटी ठणकायची, सोडून दिला. तुम्हाला जमेलही.

आणि दंड! गुडघे दुखतात म्हणून हातांनी का घरी बसावं? स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकवून तिरके दंड मारते, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. बाबांनी ते धरले नसते. असो.

एका बाबतीत मात्र बाबांशी माझं आता उघड भांडण आहे. ते रोज म्हणायचे, मी दिवसाआड करते. ते शंभर म्हणायचे, मी आठ ते बारा. सोपी हालचाल शंभरदा केली की दम वाढतो. ताकद वाढते ती शेवटच्या दोन वेळा जड जातील इतकं ओझं असलं की, आणि मग स्नायूला एक दिवस सुट्टी दिली की. बारा सहज व्हायला लागले की ओझं थोडं वाढवायचं. मधल्या दिवशी मी चालते. उन्हाळ्यात अकोल्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा हे सगळं पहाटे साडेपाचला, नाहीतर नाहीच.

दुखलं तर? दुखतंच. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा सांधेदुखीच्या सगळ्यांनाच व्यायाम सुचवला आहे, आणि सुरुवातीला दुखणं वाढू शकतं, हे रुग्णाला आधीच सांगा, असंही लिहिलं आहे. (ग्लुकोसामाइन देऊ नका, असंही त्यातच आहे. वहिनी, तो डबा संपला की पुन्हा आणू नकोस.) आमच्या बाईंचा हिशेब असा: दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालू ठेवा, दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळपदावर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी उशी वाढवा, मीठ कमी करा, पण बंद करू नका. मात्र गुडघा एकदम सुजला, गरम लाल झाला, अडकून बसला किंवा पडल्यावर दुखायला लागला, तर मीठ-पीठ बाजूला ठेवून आधी डॉक्टर. आणि ज्यांना शस्त्रक्रियेची खरंच गरज आहे त्यांनी ती जरूर करावी. पण त्यानंतरही उठायचं मांडीच्याच जोरावर आहे.

दादाने फोनवर एक शंका काढली होती, ती चांगली होती. म्हणाला, आपल्या आजीने जन्मभर कष्ट केले, निंदण काय, कापूस वेचणं काय, तिचे गुडघे का गेले मग? मी बरेच दिवस विचार केला यावर. निंदताना बाई चार-चार तास उकिडवी सरकत असते, गुडघा पूर्ण दुमडलेला. वेचणीला कमरेच्या ओटीत कापूस वाढत जातो आणि दिवसभर वाकून तेच ते. तिथे उशी नाही, दिवसाआड सुट्टी नाही, दुखलं तर उद्या कमी करू, हे नाही. रोजीचा प्रश्न असतो. अंगाला पेलेल इतकंच ओझं घेऊन त्याला सावरायला वेळ देणं हा व्यायाम. आजीला यातलं काहीच हातात नव्हतं. शेतात राबलेल्या बाईला "तुम्हाला व्यायामाची काय गरज, कामं करता की" असं लोक म्हणतात तेव्हा मला फार राग येतो. तिलाच जास्त गरज आहे.

आता जे कळल्यावर मी दोन दिवस नीट जेवले नाही, ते सांगते. 1990 साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास छापून आला होता. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातली नव्वदीच्या आसपासची दहा अशक्त माणसं, आणि आठ आठवडे वजनं लावून पायांचा व्यायाम. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. नव्वदीची माणसं! 1990 साली! आईला आराम सांगितला गेला तो 2003 मध्ये, तेव्हा ती 63 वर्षांची होती. आज मी जवळपास तिच्याच त्या वयाची आहे.

सल्ला देणाऱ्यांना मी दोष देत बसत नाही. पाचशे माणसांची रांग, कुणाला वेळ आहे खुर्चीवर उशा ठेवून दाखवायला? पण "करू नका"च्या यादीखाली एक ओळ "करा"ची लिहायला किती शाई लागते?

माझे गुडघे बरे झालेले नाहीत. एक्स-रे पुन्हा काढला तर तोच दिसेल. मांडी घालून मी पंगतीला बसत नाही, खाली बसून भाजी निवडत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. पण परवा बडनेऱ्याला उतरले तेव्हा पुलाच्या पायऱ्या कठड्याला नुसतं बोट लावून चढले. वर पोचल्यावर मागे वळून पाहिलं, किती होत्या ते. मोजायच्या राहिल्या, पुढच्या वेळी मोजीन.

मामी जाताना दारात थांबली. म्हणाली, "माह्या खुर्चीवर तीन उशा लागतीन." मी म्हटलं, "चार ठेव."

दादा, दिवाळीला अमरावतीला येते आहे. दिवाणखान्यातल्या त्या खोल सोफ्यावर मी बसणार नाही, आधीच सांगते. माळ्यावरची बाबांची लाकडी खुर्ची काढून पुसून ठेव. आणि तुलाही त्यावर बसवून बघणार आहे, हात न लावता.