चुलीचा धूर आणि पेशीतला गंज

मृगाचा पाऊस तोंडावर आला, की भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ गावांत मला घरोघरी सरपण भरण्याची लगबग दिसते. राजगड-तोरण्याच्या छायेतला हा मुलूख धो धो पावसाचा. पडवीत रचलेले लाकूडही श्रावणापर्यंत सादळते आणि जळण्यापेक्षा धुमसतेच अधिक. खिडक्या पावसामुळे बंद, वर धुराडे नाही आणि चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली घरची बाई! आढ्याला धरलेली काजळी आपल्याला दिसते. तिच्या शरीरात हा धूर कोठवर पोहोचतो, ते दिसत नाही.

लोखंड गंजते त्यात प्राणवायूचा हात असतो. आपल्या पेशींतही प्राणवायू वापरला जाताना काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात आणि ते डीएनएवर आघात करतात. डीएनए हा चार अक्षरांत लिहिलेला ग्रंथ मानला, तर त्यातले 'ग्वानीन' हे अक्षर सर्वांत लवकर गंजते. १९८४ मध्ये कासाई व निशिमुरा या जपानी संशोधकांनी हा गंज दाखवून दिला. असे अक्षर नक्कल होताना भलत्याच अक्षराशी जोडी जमवते. छापखान्यात एक खिळा चुकीचा बसावा आणि पुढच्या प्रत्येक प्रतीत तीच चूक उमटावी, तसाच हा प्रकार.

सुदैवाने पेशीत मुद्रितशोधकही असतात. खराब अक्षर कापून तेथे नवे बसविणारी विकरे दिवसाकाठी अशा असंख्य चुका निस्तरतात. या दुरुस्तीचा उलगडा करणारे टॉमस लिंडाल हे २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. तेव्हा गंज चढला म्हणजे रोग झाला, असे नव्हे. दुरुस्तीपेक्षा मोडतोड वर्षानुवर्षे अधिक होत राहिली, की धोका वाढतो.

तंबाखूप्रमाणेच लाकडाचा धूर हे पारडे झुकवतो. कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांना लाकूड-गोवऱ्यांवर रांधणाऱ्या ग्रामीण स्त्रियांच्या पेशींत, गॅस वापरणाऱ्यांच्या तुलनेत, डीएनएची हानी अधिक आढळली. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मधून, धूम्रपान न करणाऱ्यांनाही फुप्फुसाचा जुनाट विकार जडतो आणि त्यामागे चुलीचा धूर हे मोठे कारण आहे, याकडे जगाचे लक्ष वेधले. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

यावर गोळ्यांचा उतारा शोधू नये. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला, असे १९९४ मध्ये निष्पन्न झाले. भाजीपाला, कडधान्ये जरूर खावीत. पण मुळात धूरच रोखला पाहिजे.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस खेड्यांत पोहोचला. परंतु टाकी पुन्हा भरायला रोख पैसे लागतात आणि रानातले सरपण फुकट मिळते. मग गॅस पाहुण्यांच्या चहापुरता उरतो. हा दोष बाईच्या अज्ञानाचा नव्हे, घरच्या हिशेबाचा आहे. त्या हिशेबात तिच्या फुप्फुसाची किंमत कोणी धरतच नाही! म्हणून निदान पावसाळ्याचे चार महिने तरी डोंगरी तालुक्यांना टाकी परवडेल अशा दराने मिळावी. जेथे चूल राहणारच, तेथे धुराडे, कोरडे लाकूड आणि पुण्याच्या 'आरती' संस्थेने ज्यांवर काम केले तशा सुधारित चुली हव्यात. लहान मुलांना चुलीजवळ बसवू नये.

घर बांधताना देवघराची जागा आपण आधी ठरवतो. धुराड्याची जागाही तेव्हाच ठरवावी; रोज सर्वांना जेवू घालणारीचे एवढे देणे तरी आपण लागतो.