बारीक जाळी म्हणजे चांगली जाळी?

महाराष्ट्रात नांदगावे अनेक आहेत. रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातले नांदगाव समुद्रकाठी आहे, तर नाशिक जिल्ह्यातले नांदगाव गिरणा खोऱ्यातील कमी पावसाच्या पट्ट्यात. एकीकडे इंजिनावर चालणाऱ्या होड्या, दुसरीकडे विहिरींवरचे पंप. पण दोन्हीकडे प्रश्न एकच : बाहेरचे पाणी आत घ्यायचे, कचरा मात्र घ्यायचा नाही.

होडीचे इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी ओढून घेतात. शेतावरच्या काही डिझेल इंजिनांतही उपसलेल्या पाण्याचीच एक बारीक धार इंजिनाभोवती फिरवतात. ही धार अडली की इंजिन तापते आणि शेवटी दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकून बसतो. तेव्हा जाळी हवीच. परंतु 'जाळी जितकी बारीक तितकी चांगली' ही सार्वत्रिक समजूत मला घातक वाटते.

थोडे गणित करू. पंपाच्या ओढनळाचा आतला व्यास ८ सेंटिमीटर असेल, तर त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर होते. फूटव्हॉल्व्हच्या जाळीला ८ मिलिमीटर व्यासाची भोके असतील, तर तेवढ्या क्षेत्रफळासाठी १०० भोके लागतात. भोके ४ मिलिमीटरची केली की संख्या दुप्पट नव्हे, चौपट होते : ४००! शिवाय बारीक भोक लवकर बुजते. म्हणून भोकांचे एकूण क्षेत्रफळ नळाच्या तोंडाच्या तिप्पट-चौपट असावे. मग निम्मी भोके बुजली तरी पाणी अडत नाही.

येथे हवेचा दाबही ध्यानात घ्यावा लागतो. पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो; वस्तुतः हवेचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलतो. प्रत्यक्षात पंपाला ६-७ मीटरच साधतात. बुजलेली जाळी त्यातलाही वाटा खाते. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली जाते, पाणी गाळाजवळ येते, आणि नेमका तेव्हाच पंप पाणी सोडतो. शेतातला कांदा मात्र पाण्याची वाट पाहत असतो.

मग बारीक गाळणी बसवायची कोठे? याचे उत्तर होडीत सापडते. तळाच्या बाहेरच्या बाजूस भरड जाळी असते. बारीक गाळणी आत, हाताशी असते. समुद्राकडची चावी बंद करून ती उघडता येते. कोणाला पाण्यात उतरावे लागत नाही. विहिरीवरही हेच करावे. खाली मोठ्या भोकांची, ऐसपैस जाळी ठेवावी आणि इंजिनाकडे जाणाऱ्या बारीक नळीवर, जमिनीवर, दुसरी गाळणी बसवावी. तेथे पाणी पंपाच्या दाबाने येते, त्यामुळे थोडा अडथळा चालतो. जाळी साफ करायला विहिरीत वारंवार उतरण्याचा धोकाही कमी होतो.

माझ्या मते जाळी निवडताना पहिला प्रश्न 'भोक किती बारीक?' हा नसावा. 'ती साफ कोण करणार आणि कशी?' हा असावा. शिक्षकांनी एखादा जुना फूटव्हॉल्व्ह वर्गात आणावा. विद्यार्थ्यांनो, त्याची भोके मोजा, व्यास मोजा आणि गणित तुम्हीच करून पाहा.