गोदामातली बोली आणि कायद्यातला 'कामगार'

दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असलीच पाहिजे, असा कायदा या राज्याने २०२२ साली केला. दहापेक्षा कमी माणसे कामाला असलेले दुकानही त्यातून सुटले नाही. मराठी पाटीला आमचा विरोध नाही, असण्याचे कारणही नाही. पण त्या पाटीखालून आत गेल्यावर राबणाऱ्या माणसाला कोणत्या शब्दाने हाक मारली जाते, हे पाहायला कोणी आत जात नाही. पोऱ्या, गडी, नोकर, हमाल, लेबर, हेल्पर. आणि नव्या, काचेच्या दुकानांत टीम मेंबर, असोसिएट. इतक्या नावांच्या गर्दीत एक नाव तेवढे ऐकू येत नाही, ते म्हणजे 'कामगार'. आणि हक्क जे काही आहेत, ते नेमके याच नावाला चिकटलेले आहेत.

काही वर्षांपूर्वी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, आपल्याच समाजातला एक तरुण आमच्याकडे आला. कापडाच्या मोठ्या दुकानाच्या गोदामात त्याने अकरा वर्षे काढली होती. गाठी उतरवायच्या, फोडायच्या, ताके मोजायचे, रचायचे, पुढून आवाज आला की काढून द्यायचे. एका संध्याकाळी त्याला सांगण्यात आले, "उद्यापासून येऊ नको." नेमणुकीचा कागद नाही, पगाराची पावती नाही, सगळा व्यवहार हातावर रोख. आम्ही दावा टाकला. मालकाने लेखी उत्तर दिले ते असे की, हा मुलगा आमच्याकडे नोकर कधी नव्हताच. घरच्यासारखा होता, येऊन बसायचा, आम्ही खर्चापाण्याला काही देत असू.

'घरच्यासारखा' या शब्दाची गंमत पाहा. अकरा वर्षांत या घरच्या माणसाला घराच्या ओट्यावर चहा मिळाला तो वेगळ्या कपात. कामावरून काढायची वेळ आली तेव्हा मात्र तो एकाएकी घरचा झाला, कारण घरच्या माणसाला नुकसानभरपाई द्यावी लागत नाही.

कायद्याची अडचण अशी की, आपण कामावर होतो आणि वर्षात २४० दिवस काम केले, हे सिद्ध करण्याचा भार कामगारावरच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हे स्पष्ट केले आहे, आणि नुसते शपथपत्र त्याला पुरत नाही. मग पुरावा आणायचा कोठून? त्या तरुणाने शाळकरी मुलांच्या दोन वह्या आणल्या. मालाची गोळाबेरीज चुकली तर आपल्या अंगावर येऊ नये म्हणून त्याने त्या स्वतःपुरत्या ठेवल्या होत्या. गाठ कधी फोडली, किती ताके निघाले, किती कट पीस, किती डॅमेज, किती रिटर्न, कोणता माल 'डेड' म्हणून माळ्यावर गेला, अशा तारीखवार नोंदी. प्रतिपक्षाच्या वकिलांनी अर्थातच म्हटले की, असे कोणीही लिहील.

तेव्हा त्याला त्याच दुकानाची एक चिठ्ठी दाखवण्यात आली. कापडवाल्यांची रीत वाचकांना माहीत असेल. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द धरायचा, एकेका अक्षराला एकेक आकडा द्यायचा आणि खरेदीची किंमत त्या अक्षरांत लिहायची. म्हणजे गिऱ्हाइकासमोर चिठ्ठी उघडी असली तरी भाव झाकलेला राहतो. हा शब्द मालक आणि गादीवर बसणारा यांच्यातच असतो, गोदामातल्या पोराला कोणी सांगत नाही. त्याने तो अकरा वर्षांत बिले आणि चिठ्ठ्या जुळवून स्वतःच सोडवला होता. त्याने साक्षीत चिठ्ठी वाचून आकडा सांगितला. मालकाच्या वकिलांनी मालकाकडे पाहिले, आणि पुढच्या तारखेला तडजोडीची भाषा सुरू झाली. तो शब्द आम्ही येथे छापत नाही, तडजोडीत तसे ठरले आहे. पैसे मिळाले, काम परत मिळाले नाही. न्याय झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या बोलीने त्याला अकरा वर्षे मागच्या अंधारात ठेवले, तीच बोली त्याची साक्षीदार झाली, एवढे खरे.

मागच्या अंधारात का, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे. तो बारावी झालेला, बोलायला नीट, हिशेबाला पक्का. त्याच्यानंतर लागलेली, त्याच्यापेक्षा कमी शिकलेली मुले काउंटरवर उभी राहिली. त्याला सांगितले जाई, "तुझे हात दणकट आहेत, तू मागेच बरा." जातीचा उच्चार नाही, शिवी नाही, अत्याचार प्रतिबंधक कायद्यात बसेल असे काहीच नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. जास्त मजुरी त्याच खात्यात होती. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा कामगार एकजुटीच्या गप्पा मारणाऱ्यांची पंचाईत झाली. आज धागा तोंडात धरावा लागत नाही. तरी खुल्या किराण्याला हात कोणाचा लागावा, साडी उलगडून दाखवणारे हात कोणाचे असावेत, हे अर्जावरचे आडनाव आणि वस्तीचे नाव वाचून ठरते. 'काउंटर' आणि 'गोदाम' हे शब्द दिसायला जागेचे आहेत, वागतात जातीसारखे.

आता नव्या दुकानांकडे वळू. खामगाव, शेगाव, मलकापूर, चिखलीची आपली मुले-मुली मोठ्या दुकानांत लागत आहेत. गणवेश आहे, गळ्यात पट्टा आहे, आईबापांना अभिमान आहे. तो असावाच. पण तिथली भाषा त्यांनी मालकाच्या अर्थाने शिकू नये. 'ब्रेक' हा शब्द घ्या. कामगाराला वाटते, ब्रेक म्हणजे जेवणाची सुट्टी. ऑफिसात त्याचा अर्थ असा की, सलग सेवा मोजली जाऊ नये म्हणून काही महिन्यांनी नाव कापायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे. 'ऑफ रोल' म्हणजे राबायचे या दुकानात, पण कागदावर माणूस कोणा ठेकेदाराचा.

आणि 'श्रिंकेज'. मोजणीत माल कमी भरला की त्याला हा शब्द. श्रिंकेज म्हणजे आटणे. कापड आटते हे आम्हाला समजते. पण साबणाच्या वड्या, खोबरेल तेलाच्या बाटल्या कशा आटतात? चोरीपासून बिलातल्या चुकीपर्यंत सगळे या एका शब्दात घालायचे आणि महिनाअखेरीस सर्वांच्या पगारातून सारखे कापायचे, असा प्रकार आमच्याकडे येणारी मुले सांगतात. हे बेकायदा आहे. १९३६चा वेतन प्रदान कायदा होता तेव्हाही होते, आणि त्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. जो माल त्या माणसाच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवला होता आणि जे नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीमुळे झाले, तेवढेच कापता येते. आणि त्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकावे लागते. वीस जणांच्या पगारातून सरसकट कपात ही वसुली आहे, तिला इंग्रजी नाव दिल्याने ती कायदेशीर होत नाही.

कायदे करणारेही शब्दांशी कमी खेळत नाहीत. १९४८चा जुना दुकान कायदा लहान-मोठ्या सर्व दुकानांना होता. २०१७च्या नव्या कायद्याने कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रजा यांचे संरक्षण दहा किंवा अधिक कामगारांच्या दुकानापुरते ठेवले. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा आणि दिवसाचे नऊ तास दहा करण्याचा निर्णय घेतला. आठवड्याचे ४८ तास कागदावर तसेच ठेवले. हे ४८ तास कोठून आले? मजूर खाते सांभाळताना १९४६ साली कारखान्यांसाठी आठवड्याचे ५४ तास ४८वर आणणारे विधेयक बाबासाहेबांनी मांडले होते. आमच्या जिल्ह्यात वीस कामगारांची दुकाने बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे पाटीचा कायदा सर्वांना, माणसाचा कायदा मूठभरांना.

भाषा नेहमी वरूनच येते असे मात्र नाही. डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांनी 'माथाडी' हे आपले नाव लाजून टाकून दिले नाही. लढून त्यांनी ते कायद्याच्या शीर्षकात नेले, १९६९ साली. केरळात कापड दुकानांतल्या बायकांना दिवसभर उभे ठेवत, लघवीलाही जाऊ देत नसत; त्यांनी 'बसण्याचा हक्क' असे साधे शब्द वापरून आंदोलन केले आणि २०१८ साली तो हक्क राज्याच्या कायद्यात आला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तेच केले. केंद्राच्या संहितेत उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायच्या जागेचा उल्लेख आहे, पण तीही दहाच्या वरच्या आस्थापनांना. आमच्या वऱ्हाडालाही हे नवे नाही. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. आणि त्या बाजारात माप, दलाली, कपात यांना वेसण घालायला १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा करावा लागला. शेतकऱ्याच्या गाडीतून 'कडता' कापणे हाही एकेकाळी बाजाराचा रिवाजच होता. माल विकणाऱ्यासाठी कायदा झाला, माल उचलणाऱ्याला त्यानंतर ७२ वर्षे थांबावे लागले.

तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे आणि सम्यक आजीविकाही आहे. आम्ही विहारात दोन्ही म्हणतो, पण दुकानात राबणाऱ्या आपल्या मुलांशी त्यांच्या कामाविषयी बोलत नाही. तालुक्या-तालुक्यातील कार्यकर्त्यांना आमची सूचना आहे. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या मुला-मुलींना द्या. त्यांच्या ओळखपत्रावर काय लिहिले आहे ते पाहा. 'ट्रेनी' किंवा 'हेल्पर' असेल तर किती वर्षांपासून, ते विचारा. पगार बँकेत येतो की हातावर, कपातीची चिठ्ठी मिळते का, नेमणूकपत्र मागितले का, हे लिहून घ्या. आणि प्रत्येकाला एक वही ठेवायला सांगा. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, कोणती गाडी उतरवली, किती नग, बिल क्रमांक, सोबत कोण होते. दुकानात जे शब्द वापरतात तेच शब्द लिहावेत, सुधारून शुद्ध मराठीत लिहू नयेत; उलटतपासणीत टिकतात ते तेच. वही दुकानात ठेवू नये, घरी ठेवावी.